राखणदार घरच्यालाच अडवतो तेव्हा

राजुरी हे जुन्नर तालुक्यातले, आळेफाट्याजवळचे गाव. या पट्ट्यातल्या दूध संकलन केंद्रावर भल्या पहाटे काय चालते, हे इथल्या शाळेतल्या मुलांना आम्ही सांगायला नको. पूर्वी वहीत नोंद व्हायची. आता बऱ्याच ठिकाणी वजनकाटा, फॅट मोजणारे यंत्र आणि संगणक एकमेकांना तारेने जोडलेले असतात. दूध ओतले की वजन आणि फॅटचा आकडा संगणकात उतरतो, प्रोग्राम दराशी गुणाकार करतो आणि पावती बाहेर येते. वीस-पंचवीस सेकंदांचे काम.

समजा, एके दिवशी पावती येईनाशी झाली. पडद्यावर लिहून आले की फाईल उघडता येत नाही. रांग वाढते आहे, आणि दूध काही थांबून राहणारी वस्तू नव्हे. मग कुणाला तरी आठवते की काल संध्याकाळी या संगणकात नवा अँटीव्हायरस घातला आहे. तो बंद केला, आणि काम पूर्ववत सुरू झाले.

अशा वेळी लोक दोनपैकी एक निष्कर्ष काढतात. काही जण म्हणतात, 'दूध केंद्राच्या प्रोग्राममध्येच व्हायरस असणार, म्हणून तर पकडला.' काही म्हणतात, 'अँटीव्हायरस ही फुकटची कटकट आहे, काढून टाका.' दोन्ही निष्कर्ष चुकीचे असण्याचीच शक्यता जास्त. दोन्ही प्रोग्राम निर्दोष असूनही त्यांचे भांडण होऊ शकते. हे कसे घडते, ते पाहू.

वाटेत उभा असलेला पहारेकरी

एखादा प्रोग्राम फाईल उघडतो, तेव्हा तो स्वतः चकतीपर्यंत जात नाही. तो विंडोजसारख्या कार्यकारी प्रणालीला विनंती करतो आणि प्रणाली ते काम करून देते. या विनंतीच्या वाटेवर अँटीव्हायरस एक गाळणी बसवतो. प्रत्येक विनंती त्या गाळणीतून जाते. फाईल तपासून होईपर्यंत मूळ प्रोग्राम थांबलेला असतो. तपासणी झाली की त्याला वाट मोकळी होते. एरवी हे इतक्या झटपट होते की आपल्याला जाणवतही नाही.

या वाटेवर गाळणी एकटी अँटीव्हायरसचीच असते असे नाही. फाईल गुप्तलिपीत ठेवणाऱ्या प्रोग्रामची असते, प्रती काढून ठेवणाऱ्याची असते. मग आधी कोणी आणि नंतर कोणी, हा प्रश्न आलाच. त्यासाठी मायक्रोसॉफ्टने प्रत्येक गाळणीला एक आकडा नेमून देण्याची पद्धत ठेवली आहे. त्या आकड्याला 'उंची' म्हणतात. अँटीव्हायरसच्या गाळण्यांना ३,२०,००० पासून सुरू होणारा पट्टा दिलेला आहे आणि गुप्तलिपीवाल्यांना १,४०,००० पासून सुरू होणारा. उंची जितकी जास्त तितकी गाळणी चकतीपासून दूर. म्हणजे फाईल वाचली जाताना आधी गुप्तलिपी उलगडते आणि मग ती अँटीव्हायरसच्या हाती येते. हा क्रम उलटा असता तर अँटीव्हायरसला नुसता अक्षरांचा काला दिसला असता. साधी गोष्ट आहे, पण वर्गात 'क्रम का महत्त्वाचा' हे सांगायला यापेक्षा चांगले उदाहरण आम्हाला सुचत नाही.

आता दूध केंद्राकडे वळू. तिथला प्रोग्राम दर नोंदीला फाईल उघडतो, एक ओळ लिहितो आणि फाईल बंद करतो. फाईलमध्ये बदल झाला म्हणून अँटीव्हायरस ती तपासायला घेतो आणि क्षणभर धरून ठेवतो. नेमक्या त्याच क्षणी पुढच्या शेतकऱ्याची नोंद येते. प्रोग्राम फाईल मागतो आणि प्रणाली सांगते, 'ती दुसऱ्याच्या हातात आहे.' नीट लिहिलेला प्रोग्राम अशा वेळी किंचित थांबून पुन्हा मागतो. पुष्कळ जुन्या प्रोग्राममध्ये ही तजवीजच नसते. ते लिहिले गेले तेव्हा त्या फाईलला हात लावणारे दुसरे कोणी नव्हते. मग चूक कोणाची? आमच्या मते दोघांचीही नाही. एकाने केलेले गृहीतक दुसऱ्याच्या येण्याने मोडले, एवढेच.

उपायही त्यातूनच निघतो. अँटीव्हायरस बंद करायचा नाही. ज्या फोल्डरमध्ये नोंदींची फाईल आहे तेवढाच तपासणीतून वगळायचा. असे वगळण्याची सोय बहुतेक सगळ्या अँटीव्हायरसमध्ये असते. मात्र 'नको ती कटकट' म्हणून सबंध 'सी' ड्राइव्हच वगळणे म्हणजे दाराला कुलूप घालून भिंत पाडण्यासारखे आहे.

ओळखायचे कसे?

वरचे भांडण निव्वळ हातघाईचे होते. दुसऱ्या प्रकारात अँटीव्हायरस निरपराध प्रोग्रामला सरळ गुन्हेगार ठरवतो. हे समजण्यासाठी तो व्हायरस ओळखतो कसा, हे पाहिले पाहिजे.

सर्वांत जुनी पद्धत खुणेची. प्रत्येक व्हायरस हाही शेवटी एक प्रोग्रामच, म्हणजे अंकांची एक मालिका. त्या मालिकेतला असा एक तुकडा निवडायचा की जो इतरत्र सापडणार नाही, आणि प्रत्येक फाईलमध्ये तो शोधायचा. हे वर्गात कागदावर करून पाहण्यासारखे आहे. समजा, पोलिसांना एका टोळीची पत्रे पकडायची आहेत आणि त्यांनी 'मारा' ही अक्षरे खूण म्हणून धरली. आता एका पालकाची चिठ्ठी आली, 'संध्याकाळी सहाच्या सुमारास कुमारास भेटावे.' या एका निरुपद्रवी वाक्यात ती खूण दोनदा सापडते! खूण लांब केली, उदाहरणार्थ 'घरावर मारा', तर ही चिठ्ठी सुटते. पण टोळीने शब्द बदलून 'घरावर हल्ला' लिहिले की तीही सुटते. खूण आखूड ठेवावी तर निरपराध अडकतात, लांब ठेवावी तर गुन्हेगार निसटतात. मुलांना ही ओढाताण पाच मिनिटांत कळते.

दुसरी पद्धत वागणुकीची. अनोळखी प्रोग्राम काय करू पाहतो त्यावर नजर ठेवायची. जुन्नरच्या उसाच्या पट्ट्यात राहणाऱ्यांना हे वेगळे समजावून सांगायला नको. फडात रात्री काही हलले की बिबट्याची शंका येते. शंका येणे रास्तच आहे, पण दर वेळी तो बिबट्याच असतो असे नाही, पुष्कळदा कुत्रे असते.

मराठी टंकलेखनाचे प्रोग्राम या पद्धतीत हमखास सापडण्यासारखे. देवनागरी लिहिण्यासाठी असा प्रोग्राम आपण दाबलेली प्रत्येक कळ मध्येच पकडतो आणि तिच्या जागी देवनागरी अक्षर ठेवतो. दुसऱ्याचे पासवर्ड चोरणारा हेर-प्रोग्रामही प्रत्येक कळ मध्येच पकडतो, फक्त अक्षर बदलण्याऐवजी ती टिपून ठेवतो. विंडोजमधली जी सोय दोघे वापरतात ती एकच. बाहेरून पाहणाऱ्याला दोघांचे हात एकाच खिशात दिसतात. विंडोज २००० पासून प्रणालीतच आलेला इनस्क्रिप्ट कळफलक या संशयात सापडत नाही, कारण तो प्रणालीच्या स्वतःच्या वाटेने येतो.

शाळांच्या दृष्टीने आणखी एक उदाहरण महत्त्वाचे. पायथॉन भाषेत लिहिलेला छोटा प्रोग्राम दुसऱ्याच्या संगणकावर थेट चालावा म्हणून पुष्कळ जण 'पायइन्स्टॉलर' वापरून त्याची एक बांधलेली फाईल करतात. व्हायरस लिहिणारेही हेच साधन वापरतात. त्यामुळे त्यांच्यासाठी काढलेली खूण कधी कधी व्हायरसच्या अंगाऐवजी त्याच्या वेष्टनालाच लागू पडते. परिणाम असा की बारावीच्या एखाद्या विद्यार्थिनीने लिहिलेला पाढ्यांचा प्रोग्राम शाळेच्या संगणकावर गेल्याबरोबर गायब होतो. अशा वेळी तिला बोल लावण्याआधी शिक्षकांना हे माहीत असावे.

एक गणित

चुका कमी करता येतील ना, असे कोणी विचारील. जरूर, आणि त्या केल्याही जातात. पण एक हिशोब पाहा. समजा, एका संगणकावर दोन लाख फाईली आहेत आणि अँटीव्हायरस निर्दोष फाईलच्या बाबतीत लाखात एकदाच चुकतो. ऐकायला हे फार छान वाटते. तरीही दर संगणकामागे दोन खोट्या हाका होतील. आता समजा, शंभर संगणकांपैकी एकावरच खरा व्हायरस आहे. मग शंभर संगणकांवर मिळून दोनशे खोट्या हाका आणि एक खरी. म्हणजे हाक आली तर ती खरी असण्याची शक्यता दोनशेएकात एक. हे आकडे आम्ही समजुतीपुरते घेतले आहेत. प्रत्यक्षात ओळखीच्या, खात्रीच्या फाईलींची यादी जवळ ठेवून खोट्या हाका पुष्कळ कमी केल्या जातात. पण गणिताचा गाभा खरा आहे: जी गोष्ट विरळ असते ती शोधताना फार थोडी चूकही महाग पडते. दहावीच्या संभाव्यतेच्या प्रकरणाला जोडून हे उदाहरण देता येईल.

आणि चूक शून्यावर आणता येईल का? नाही. फ्रेड कोहेन या अमेरिकी संशोधकाने १९८४ साली मांडलेल्या निबंधात याची सिद्धता दिली आहे. तिचा गाभा सोपा आहे. समजा, कधीही न चुकणारा एक परीक्षक आहे. मी असा एक प्रोग्राम लिहितो, जो सुरू झाल्यावर त्या परीक्षकालाच विचारतो, 'मी व्हायरस आहे का?' उत्तर 'हो' आले तर तो गप्प बसतो. उत्तर 'नाही' आले तर तो स्वतःच्या प्रती पसरवतो. परीक्षकाने 'हो' म्हटले तर ते चूक, कारण प्रोग्राम काहीच करत नाही. 'नाही' म्हटले तर तेही चूक, कारण तो पसरतो. म्हणजे असा परीक्षक असूच शकत नाही. ॲलन ट्युरिंग यांनी १९३६ साली दिलेल्या एका सिद्धतेची ही वंशज. अँटीव्हायरस कधीच चुकणार नाही अशी जाहिरात कोणी केली, तर ती गणिताच्या विरुद्ध आहे असे खुशाल समजावे.

एका दाराशी दोन राखणदार

'एकापेक्षा दोन बरे' हा न्याय इथे चालत नाही. डॉसच्या काळातच याचा अनुभव आला. १९९३ साली एमएस-डॉसच्या सहाव्या आवृत्तीबरोबर एक अँटीव्हायरस मिळत असे. मूळ तो सेंट्रल पॉइंट या कंपनीचा. व्हायरसच्या खुणांची यादी तो स्मृतीत उघडीच ठेवत असे. मग दुसरा अँटीव्हायरस स्मृती तपासायला आला की त्याला तिथे त्या खुणा दिसत आणि तो ओरडे, 'स्मृतीत व्हायरस आहे!' पोलिसाच्या खिशातला चोराचा फोटो पाहून दुसऱ्या पोलिसाने त्यालाच धरावे, तसा हा प्रकार. पुढे खुणांच्या याद्या झाकून ठेवण्याची पद्धत रूढ झाली.

आजचा अडथळा निराळा आहे. पहिला राखणदार फाईल तपासण्यासाठी उघडतो. ती कोणीतरी उघडली म्हणून दुसरा तपासतो. त्याने उघडली म्हणून पहिला पुन्हा सरसावतो. संगणक मंदावतो, कधी दोघेही एकमेकांची वाट पाहत अडून बसतात. त्यामुळेच अलीकडच्या विंडोजमध्ये दुसरा अँटीव्हायरस घातला की प्रणालीचा स्वतःचा 'डिफेंडर' सततची पहारेदारी आपणहून सोडून देतो. आपण विकत घेतलेले दोन मात्र असे समजूतदार नसतात. एक काढल्याशिवाय दुसरा घालू नये. काढतानाही त्या कंपनीचे साफ काढून टाकणारे साधन असेल तर ते वापरावे, कारण वाटेत बसवलेली गाळणी मागे राहिली तर कटकट चालूच राहते.

मोठे घोटाळे

राखणदार जितका आतल्या दाराशी उभा, तितकी त्याची चूक घातक. २१ एप्रिल २०१० रोजी मॅकॅफी कंपनीच्या एका नव्या खूण-यादीने विंडोज एक्सपीमधली 'एसव्हीसीहोस्ट' ही प्रणालीची अत्यावश्यक फाईल व्हायरस ठरवली. ती हलवली गेल्यावर जगभरचे पुष्कळ संगणक पुन्हा पुन्हा बंद-चालू होत राहिले. त्याआधी २००७ च्या मे महिन्यात सिमँटेकच्या यादीने चिनी भाषेतल्या विंडोज एक्सपीच्या दोन फाईली अशाच उचलल्या होत्या. सप्टेंबर २०१२ मधला सोफोसचा प्रसंग तर विनोदी म्हणावा असा. त्या अँटीव्हायरसने स्वतःच्याच नव्या याद्या आणणाऱ्या भागाला व्हायरस ठरवले. आता ही चूक सुधारणारी यादी आणायची कोणी?

जानेवारी २०१८ मध्ये मायक्रोसॉफ्टने 'मेल्टडाउन' या प्रोसेसरमधल्या दोषावर विंडोजची दुरुस्ती काढली. पण काही अँटीव्हायरस प्रणालीच्या गाभ्यातल्या स्मृतीत परवानगी नसलेल्या मार्गाने डोकावत होते. दुरुस्तीनंतर असे संगणक कोसळत. म्हणून आपण सुसंगत आहोत अशी नोंद अँटीव्हायरसने करेपर्यंत त्या संगणकांना दुरुस्तीच द्यायची नाही, असे मायक्रोसॉफ्टला ठरवावे लागले. संरक्षणासाठी ठेवलेल्या प्रोग्राममुळे संरक्षण लांबले.

१९ जुलै २०२४ चा प्रसंग अनेकांना आठवत असेल. भारतीय वेळेनुसार सकाळी ९ वाजून ३९ मिनिटांनी क्राउडस्ट्राइक या अमेरिकी सुरक्षा कंपनीने आपल्या ग्राहकांच्या संगणकांवर एक छोटी माहिती-फाईल पाठवली. ती वाचणारा भाग एकवीस गोष्टींची अपेक्षा करत होता आणि त्याला मिळाल्या वीस. एकविसावी शोधायला तो आपल्या हद्दीबाहेरच्या स्मृतीत गेला. साधा प्रोग्राम असा चुकला तर तो एकटाच बंद पडतो. पण हा प्रणालीच्या गाभ्यात बसलेला होता, त्यामुळे सबंध संगणक निळा पडदा दाखवून कोसळला. ७८ मिनिटांत कंपनीने फाईल मागे घेतली, पण तोवर मायक्रोसॉफ्टच्या अंदाजाप्रमाणे ८५ लाख संगणक आडवे झाले होते. जे संगणक सुरूच होत नाहीत त्यांना दुरुस्ती दुरून पाठवायची कशी? बऱ्याच ठिकाणी माणसाला प्रत्येक संगणकापाशी जाऊन ती फाईल हाताने काढावी लागली. भारतातल्या विमानतळांवर त्या दिवशी प्रवाशांना हाताने लिहिलेले बोर्डिंग पास मिळाले. दूध केंद्रावरची वही आणि विमानतळावरची ही चिठ्ठी यांत फारसा फरक नाही. यंत्र बंद पडल्यावर काम चालू ठेवण्याची ती जुनी, भरवशाची सोय.

छोट्यांची अडचण

या विषयात पुण्याचे नाव घ्यावेच लागेल. सातारा जिल्ह्यातल्या रहिमतपूरच्या कुटुंबातले कैलास काटकर पुण्यात कॅल्क्युलेटर दुरुस्तीचे काम करत. धाकटे भाऊ संजय संगणकशास्त्र शिकत होते. दुरुस्तीला येणाऱ्या संगणकांत व्हायरस सापडू लागले, तेव्हा संजय यांनी ते काढण्याचे प्रोग्राम लिहिले. त्यातूनच १९९० च्या दशकाच्या मध्यावर 'क्विक हील' तयार झाला. इथले व्हायरस इथल्या माणसाच्या टेबलावर येत होते, हे त्यामागचे बळ होते.

आजच्या पद्धतीत हे अंतर पुन्हा वाढले आहे, असे आम्हाला वाटते. आता खुणा आणि वागणूक यांच्या जोडीला 'पत' पाहतात. ही फाईल जगात किती संगणकांवर आहे, किती दिवसांपासून आहे, तिच्यावर नामांकित कंपनीची अंकीय सही आहे का? मोठ्या कंपनीचा प्रोग्राम लाखो संगणकांवर असतो, त्याची पत आपोआप तयार होते. तालुक्याच्या गावी बसून कोणी चाळीस दूध संस्थांसाठी किंवा दहा शाळांच्या निकालपत्रकांसाठी प्रोग्राम लिहिला, तर जगाच्या दृष्टीने तो अनोळखीच राहतो. अंकीय सहीचे प्रमाणपत्र विकत घ्यावे लागते, आणि तो खर्च अशा माणसाला जड जातो. गुन्हा काही नाही, केवळ ओळख नाही म्हणून संशय. नाक्यावर परगावच्या माणसालाच आधी अडवतात, तसेच हे.

त्यावर इलाज नाही असे नाही. बहुतेक अँटीव्हायरस कंपन्या चुकून पकडलेली फाईल पाठवण्याची सोय ठेवतात, आणि खात्री पटल्यावर पुढच्या यादीत ती मोकळी करतात. प्रोग्राम लिहिणाऱ्याने हे स्वतः करावे. वापरणाऱ्यांना 'अँटीव्हायरस बंद करून चालवा' असे सांगू नये. दुर्दैवाने सर्रास तसेच सांगितले जाते, आणि खऱ्या व्हायरसचे वाटपही नेमके याच वाक्याने होते.

शाळेत अशी हाक आली तर घाई करू नये. फाईल कोठून आली ते आधी पाहावे. लिहिणाऱ्याकडून थेट आली की कोणाच्या पेन ड्राइव्हवरून फिरत आली, याने फार फरक पडतो. व्हायरसटोटल या संकेतस्थळावर फाईल टाकली तर ती डझनावारी अँटीव्हायरसकडून एकदम तपासून मिळते. साठ-सत्तरांपैकी एखाददुसराच ओरडत असेल आणि फाईलचा उगम माहीत असेल, तर हाक बहुधा खोटी. निम्मे ओरडत असतील तर वाद घालू नये. मात्र तिथे टाकलेली फाईल इतर अभ्यासकांनाही मिळू शकते, म्हणून विद्यार्थ्यांची माहिती असलेली फाईल तिथे कधीही टाकू नये. अँटीव्हायरसने उचललेली फाईल बहुधा नष्ट झालेली नसते. ती 'क्वारंटाइन' या कोठडीत असते आणि तिथून परत आणता येते. हे माहीत नसल्यामुळे पुन्हा लिहून काढलेली निकालपत्रके काही थोडी नसतील.

वर्गात करण्याजोगा एक निर्धोक प्रयोग सांगतो. 'आयकार' या युरोपीय संस्थेने ६८ अक्षरांची एक चाचणी-ओळ ठरवून दिली आहे. ती व्हायरस नाही, पण सर्व अँटीव्हायरसनी तिला व्हायरस समजून ओरडावे असा संकेत आहे. संस्थेच्या संकेतस्थळावरून ती ओळ घेऊन साध्या मजकुराच्या फाईलमध्ये साठवा. बहुधा साठवताक्षणीच हाक येईल. मग नव्या फाईलमध्ये त्या ओळीच्या आधी एक अक्षर जास्तीचे लिहून पुन्हा साठवा. संकेताप्रमाणे ती ओळ फाईलच्या अगदी सुरुवातीला असावी लागते, त्यामुळे आता पुष्कळ अँटीव्हायरस गप्प राहतात. का, ते मुलांना विचारा. शाळेच्या कार्यालयातल्या संगणकावर मात्र हा प्रयोग करू नका, आणि संगणक जाळ्यात जोडलेला असेल तर ते जाळे सांभाळणाऱ्याला आधी सांगून ठेवा.